लाल चौकट

१

रूने फावडं घेऊन अंगणातला बर्फ ओढायला बाहेर पडला की गुनवोर कॉफीचा मग भरून घ्यायची, ब्रेड कापायची फळी भिंतीशी उभी करायची, तिला टॅबलेट टेकवायची आणि ब्राउझर उघडायची. क्षणभर पांढरं पान नुसतंच थांबून राहायचं आणि मग काळोखातून एखादं हाड वर यायचं. कुणाची मांडी, कुणाचा खुबा, कुणाचं मनगट. गुनवोर चष्मा सावरून ते न्याहाळायची, जिथे मोडलं असेल तिथे टॅबलेटच्या पेनानं लाल चौकट काढायची, कशा प्रकारची मोड आहे ते निवडायची आणि ‘पुढे’वर टेकवायची. लगेच दुसरं हाड.

हॅर्नोसांद गावच्या इस्पितळात तिची सगळी नोकरी एक्स-रे काढण्यात गेली होती. ती निवृत्त झाली आणि एका विद्यापीठानं तिच्यासारख्या जुन्याजाणत्यांना गळ घातली. देशभरच्या इस्पितळांच्या तळघरांत धूळ खात पडलेल्या फिल्म त्यांनी स्कॅन केल्या होत्या. नावं पुसलेली, कोपऱ्यात फक्त एक क्रमांक. माणसांनी चौकटी आखायच्या आणि त्यावरून यंत्रानं शिकायचं, असा बेत होता. गुनवोरला हे काम मनापासून आवडायचं. हाडं कण्हत नाहीत, घाबरत नाहीत, ‘फार दुखेल का हो’ म्हणून विचारत नाहीत.

“झालं का हाडं वेचून?” बूट झटकत रूने आत आला की रोज हेच म्हणायचा. तो होड्या बांधणारा सुतार, दांडगा, मोठ्या आवाजाचा. आता होड्या बंद झाल्या होत्या, पण आवाज तेवढाच होता. “माणूस जिवंत असताना त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीस, मेला की त्याच्या नडगीला चष्मा लावतेस.”

“नडगी उलटून बोलत नाही,” गुनवोर म्हणायची, आणि दोघं चीज लावलेला कडक ब्रेड खात बसायची.

तिला एक गोष्ट कळायची, जी यंत्राला कळणार नव्हती. पडून मोडलेलं हाड वेगळं आणि मारून मोडलेलं हाड वेगळं. पडणारा माणूस स्वतःला वाचवत पडतो, त्या धडपडीची तिरपी खूण हाडात उतरते. मार मात्र आडवा येतो आणि सरळ आरपार जातो. त्या पानावर असं काही नोंदवायची सोय नव्हती, आणि असती तरी तिनं नोंदवलं असतं की नाही कोण जाणे.

त्या दिवशी आला तो उजव्या पंजाचा फोटो. करंगळी आणि अनामिका दोन्ही चिरडलेल्या, फोडलेल्या अक्रोडासारख्या. फोटोच्या खालच्या कडेला मनगटापलीकडे धातूच्या पट्टीचं टोक दिसत होतं आणि तिच्यातला शेवटचा स्क्रू किंचित वाकडा होता. गुनवोरला हसू आलं. रूनेच्या उजव्या हातात अशीच पट्टी होती. कधी काळी त्यानं बर्फावरची स्कूटर थेट बर्चच्या झाडावर नेली होती. त्याच्याही पट्टीचा शेवटचा स्क्रू वाकडा होता, आणि तो एक्स-रे तिनंच काढला होता.

दोन्ही बोटांभोवती चौकट काढून तिनं ‘पुढे’वर टेकवलं.

दुपारी दोघं सामान आणायला गेली. दुकानाबाहेर रूने पिशव्या गाडीत ठेवून तिच्या दाराशी काहीतरी शोधत वाकला होता. गुनवोरनं त्याच्या मागून दार लावलं. दार बसल्याचा आवाज नेहमीसारखा आला नाही, म्हणून तिनं आणखी जोर लावून ते ढकललं.

रूने ओरडलाच नाही. त्याच्या घशातून नुसती हवा निघाली, आणि मग बर्फावर लाल थेंब पडायला लागले.

२

इस्पितळात मार्या होती. ती गुनवोरच्या हाताखाली तयार झालेली फिनलंडची बाई, तोंडानं फटकळ. तिनं रूनेला इंजेक्शन मिळाल्याची खात्री केली, त्याच्या हाताचा एक्स-रे काढला आणि गुनवोरला काचेआड बोलावलं.

“दार कुणी लावलं?”

“मी.”

“असा कसला राग काढलास गं नवऱ्यावर?” मार्या हसत म्हणाली आणि तिनं पडदा गुनवोरकडे वळवला.

पडद्यावर सकाळचा तोच पंजा होता.

गुनवोर पडद्याजवळ वाकली. पंजा तसाच तिरपा ठेवलेला, अंगठा तसाच फाकलेला. करंगळीचे तुकडे त्याच ठिकाणी, त्याच आकारात, एक बारीकसा तुकडा बाजूला उडालेला, तोही तसाच. खाली पट्टीचं टोक आणि वाकडा स्क्रू. तिचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या उडालेल्या तुकड्यावर जात होतं. सकाळी चौकट काढताना तो बाहेर राहिला होता आणि तिनं मुद्दाम चौकट जराशी ओढून त्याला आत घेतलं होतं.

“बस खाली. तू पांढरी पडली आहेस,” मार्या म्हणाली. गुनवोर बसली.

३

घरी येताच तिनं कोटही न काढता टॅबलेट उघडला. नुकत्याच केलेल्या चौकटी मागे जाऊन बघता यायच्या. तो फोटो तिथे होता. तिनं मार्याकडून रूनेच्या हाताचा फोटो फोनवर मागवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मग फोन उपडा घातला.

गुनवोर काही भाबडी बाई नव्हती. तिनं स्वतःशीच नीट वाद घातला. पट्ट्या सगळ्या एकाच कारखान्यातून येतात. स्क्रू वाकडे बसतातच. गाडीच्या दारात सापडलेली बोटं एकसारखीच चिरडणार. आणि माणसाचं मन असं आहे की त्याला जोड्या लावायला आवडतं, ढगातसुद्धा त्याला घोडा दिसतो. इथवर ठीक होतं. पण सकाळच्या फोटोच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता, अंगठ्याचा. फिल्म धुणाऱ्या माणसानं औषधाचा ओला हात लावला की पडायचा तसा. म्हणजे ती जुनी फिल्म होती. आणि रूनेची स्कूटर झाडावर गेली तोवर फिल्मचा जमाना केव्हाच संपला होता, सगळं संगणकावर आलं होतं. रूनेच्या हातातली ती पट्टी कुठल्याही फिल्मवर असूच शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं विद्यापीठात फोन केला. तूवा नावाची बाई हे काम बघायची. तिनं कोपऱ्यातला क्रमांक विचारून घेतला, बराच वेळ बटणं दाबली आणि सांगितलं की या क्रमांकाची फिल्म आमच्या संग्रहात नाही. ब्राउझर कधी कधी भलतंच जुनं काहीतरी साठवून ठेवतो, तेच पुन्हा दाखवतो, तेव्हा त्याची साठवण पुसून टाका. गुनवोरनं विचारलं की जे मुळात कधी दाखवलंच नाही ते तो साठवणार कसं. तूवा म्हणाली की त्यातलं मला फारसं कळत नाही.

गुनवोरनं साठवण पुसली. तो पंजा नाहीसा झाला. तिला हायसं वाटलं. रूने सोफ्यावर हात उशीवर ठेवून पडला होता आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता की बायकोला मी होडीपेक्षा जड वाटायला लागलोय, आता ती मला तुकड्या तुकड्यांनी बाहेर काढणार आहे. शेजारी पोट धरून हसत होते. गुनवोरही हसली.

४

काही दिवस नुसते खुबे आले, म्हाताऱ्या माणसांचे, बर्फावर पडलेले. मग एका सकाळी बरगड्या आल्या.

डाव्या बाजूच्या बरगड्या, खालच्या अंगाच्या. तीन मोडलेल्या, एक आत वळलेली. ही माणूस पडून झालेली मोड नव्हती. काहीतरी जड, लहान तोंडाचं, बाजूनं आलं होतं आणि सरळ आत गेलं होतं. आणि कोपऱ्यात तोच क्रमांक होता, पंजाच्या फोटोवरचा.

तिनं पेन खाली ठेवलं. फोटो अस्पष्ट असला तर तसं कळवायचं एक बटण होतं, ते तिनं दाबलं. पान पांढरं झालं आणि त्याच बरगड्या पुन्हा आल्या. तिनं पुन्हा दाबलं. ब्राउझर बंद करून उघडला. बरगड्या तिथेच होत्या, आणि तिला उगाचच वाटलं की त्या जरा मोठ्या दिसताहेत, कुणीतरी जवळ येऊन उभं राहावं तशा. चौकट काढायची नाही, एवढं तिनं ठरवलं. असल्या गोष्टीवर आपला विश्वास नाही हे तिला ठाऊक होतं. तरी ठरवलं. टॅबलेट तसाच ठेवून ती तळघरातून बटाटे आणायला गेली.

वर आली तेव्हा रूने तिच्या खुर्चीत बसला होता. डाव्या हातात पेन होतं.

“एवढा वेळ लागतो होय याला?” तो म्हणाला. “हे बघ, एक, दोन, तीन. मलासुद्धा दिसतंय.”

वेडीवाकडी लाल चौकट बरगड्यांवर बसली होती. गुनवोर टेबलापर्यंत पोचायच्या आत त्यानं ‘पुढे’वर टेकवलं.

  त्याला तेव्हाच सगळं सांगितलं नाही याचाच तिला नंतर सगळ्यात जास्त पश्चात्ताप झाला.

तो दिवस तिनं रूनेला घराबाहेर पडू दिलं नाही. पायऱ्यांवर वाळू टाकली. शिडी कुलपात घातली. त्याच्या पुढचा दिवस असाच गेला. त्यानंतरच्या दिवशी शेगडीची लाकडं संपली.

लाकडं मागच्या अंगणात फोडायची असत. मोठे ओंडके कुऱ्हाडीला दाद देत नाहीत. त्यांच्या तोंडात लोखंडी पाचर बसवायची आणि वरून घण मारायचा. रूनेचा उजवा हात बँडेजात होता, म्हणून घण गुनवोरकडे आला. ती काही नाजूक बाई नव्हती, आयुष्यभर तिनं बेशुद्ध माणसं उलटीसुलटी केली होती. रूने डाव्या हातानं पाचर बसवून बाजूला व्हायचा आणि ती घण घालायची. दोन ओंडके झाले. ऊन पडलं होतं, छपरावरून पाणी गळत होतं. रूने तिला चिडवत होता की आता तू घण घाल आणि मी हाडं मोजतो.

तिसऱ्या ओंडक्यावर त्यानं पाचर बसवली आणि तो बाजूला झाला. गुनवोरनं घण उचलला. तो वर जाताना तिला खांद्यात एक विलक्षण सैलपणा जाणवला, उतारावरून चालताना पाय आपसूक पडत जातात तसा. घण आला, पण वरून खाली आला नाही. आडवा आला.

मऊ, दबका आवाज झाला. त्यामागून कोरड्या काटक्या मोडल्यासारखा दुसरा. रूने ओंडक्यावर आडवा पडला आणि घोटभर हवेसाठी तोंड उघडझाप करायला लागला. त्याच्या ओठांवर गुलाबी फेस आला.

गुनवोर घण धरून उभी होती. तिच्या घशातून भलतेच आवाज निघत होते. हात तेवढे शांत होते. हातांना मुळीच आश्चर्य वाटलं नव्हतं.

५

या वेळी मार्यानं चेष्टा केली नाही. तिनं गुनवोरला बाजूच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

हा प्रश्न गुनवोरनं स्वतः किती बायकांना विचारला होता. तोंडावर निळे डाग घेऊन आलेल्या, खिडकीकडे बघत उत्तर देणाऱ्या बायकांना. प्रत्येक वेळी नवरा बाहेर बाकावर बसलेला असायचा. आज त्या बाकावरच्या नवऱ्याच्या जागी ती स्वतः होती.

“घण निसटला,” ती म्हणाली, खिडकीकडे बघत.

रूने घरी आला तो बदलूनच. थट्टा बंद झाली. फुप्फुसाला भोक पडलं होतं ते भरून आलं, पण श्वास घेताना तो दर वेळी थांबायचा आणि ऐकायचा. रात्री झोपायला त्यानं दिवाणखाना धरला आणि सांगितलं की तिथे उशा जास्त आहेत. मग गुनवोरच्या लक्षात यायला लागलं की स्वयंपाकघरातून वस्तू जाताहेत. आधी मोठी सुरी दिसेना. मग लहान सुऱ्या. मग कात्री, मग बिडाचा जड तवा. खणात फक्त चमचे उरले. सगळं तिला लाकडांच्या खोपटामागे सापडलं, पोत्यात नीट गुंडाळून, बर्फाखाली दाबलेलं. तिनं ते पुन्हा तसंच दाबून ठेवलं. त्या दिवशी दोघांनी सूप प्यायलं आणि ब्रेड हातानं तोडून खाल्ला. त्याबद्दल अवाक्षर कुणी काढलं नाही.

शेवटी बोलला तो रूने.

“घण उचलण्याआधी तू माझ्याकडे बघितलंस.”

“मी पाचरीकडे बघत होते.”

“नाही गुनवोर. माझ्या बरगड्यांकडे बघितलंस. टेबलावर झोपवलेल्या माणसाकडे बघायचीस तसं. कुठे धरायचं ते ठरवल्यासारखं.” तो श्वासासाठी थांबला. “आणि दार तू दोनदा लावलंस. पहिल्यांदा माझा हात मधे होता हे तुला कळलं होतं.”

“रूने, मी तुला मारीन का?”

“मला वाटत नाही,” तो म्हणाला. “तेच तर. मला वाटत नाही, आणि तरी मी सुऱ्या लपवतोय.”

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. पंजा, क्रमांक, अंगठ्याचा डाग, बरगड्या. तो आधी हसला, हसताना कळ आली म्हणून थांबला, आणि थांबल्यावर पुन्हा हसला नाही. त्याला स्वतः काढलेली चौकट आठवली असावी.

“दाखव,” तो म्हणाला.

घण लागला त्या दिवसापासून टॅबलेट कपाटावर पडून होता. तिनं तो आणला, दोघांच्या मधे ठेवला, ब्राउझर उघडला. पांढरं पान आलं. थांबून राहिलं.

कवटी होती, बाजूनं घेतलेली. कानशिलावर खड्डा, आणि त्या खड्ड्यातून चहूकडे भेगा गेलेल्या, पातळ बर्फावर कुणी टाच आपटावी तशा. गुनवोरनं एकदाच बघितलं. आयुष्यात तिनं अशा कवट्या पाहिल्या होत्या आणि त्या माणसांपैकी काहींना ती खालच्या मजल्यावरच्या थंड खोलीपर्यंत पोचवूनही आली होती. तिनं टॅबलेट पालथा केला.

रूनेचा हात आपोआप स्वतःच्या कानशिलावर गेला होता.

“तू तिथे खिडकीपाशी जाऊन बस,” तो हळू आवाजात म्हणाला. “हात चौकटीवर ठेव. मला दिसतील असे.”

ती जाऊन बसली. हात खिडकीच्या चौकटीवर ठेवले. रूनेनं खिशातून हातोडी काढली. ती इतके दिवस त्याच्या खिशात होती हे तिला तेव्हा कळलं. टॅबलेट जमिनीवर ठेवून तो गुडघ्यांवर बसला आणि डाव्या हातानं मारायला लागला. प्रत्येक घावागणिक त्याच्या बरगड्यांतून कळ जायची आणि तो कण्हायचा, कण्हायचा आणि पुन्हा मारायचा. काच फुटली, पाठ वाकली, आतलं हिरवंकाळं बाहेर आलं, तरी तो मारत होता. डोळे मात्र टॅबलेटवर नव्हते. ते खिडकीच्या चौकटीवर होते.

६

मी जाते, असं गुनवोरनंच म्हटलं. तिची थोरली बहीण डाग्नी उत्तरेला उमेओ शहराच्या पलीकडे एका तळ्याकाठी एकटी राहायची. मी जवळ नसले म्हणजे काही व्हायचंच नाही, असा हिशोब दोघांनाही पटण्यासारखा होता. ज्या रूनेला तिच्याशिवाय साधे बटाटे उकडता येत नव्हते, तो लगेच ‘बरं’ म्हणाला. स्टेशनवर सोडायला तो आला नाही. दाराच्या काचेमागून त्यानं हात हलवला आणि गुनवोरला कडी लागल्याचा आवाज ऐकू आला.

डाग्नी म्हणजे मोठ्यानं हसणारी बाई. तिनं बहिणीला काही विचारलं नाही, फक्त खायला घातलं. खारवलेलं मांस भरलेले बटाट्याचे गोळे, वर लोणी. म्हाताऱ्यांची भांडणं उन्हाळा आला की मिटतात, असं ती स्वतःशीच म्हणायची. तिच्या घरात इंटरनेट नव्हतं. संध्याकाळी रेडिओ लावायचा आणि विणायचं.

गुनवोर पहिले काही दिवस सुरीला हात लावत नव्हती. मग एकदा डाग्नीनं नकळत तिच्या हातात सुरी दिली आणि तिनं मासा साफ केला. काहीच झालं नाही. हात आपले, नेहमीचे, जरा सांधे दुखणारे हात होते. रूने रोज सकाळी फोन करायचा. त्याच्या आवाजात हळूहळू जुना दणका परत येत होता. घर कसं शांत आहे, बायको नसली की माणसाची हाडं कशी धड राहतात, असं तो बोलायला लागला, तेव्हा गुनवोर फोन ठेवून बराच वेळ रडली. आपण घरी जाऊ शकू असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

७

ऊन चांगलं तापलं होतं, म्हणून डाग्नीनं मासे धरायचं काढलं. दोघी बर्फावरच्या घसरगाडीवर रेनडियरचं कातडं, थर्मास आणि पहार टाकून गोठलेल्या तळ्याच्या मधोमध गेल्या. मासे धरायला पाडलेलं जुनं भोक पुन्हा गोठलं होतं. गुनवोर उभी राहून पहारीनं बर्फ फोडत होती आणि डाग्नी शेजारी कातड्यावर गुडघे टेकून, झाऱ्यानं बर्फाचे तुकडे बाहेर काढत होती. तिनं टोपी काढून ठेवली होती. सगळीकडे पांढरा उजेड होता, आणि काठाच्या झाडांपर्यंत माणूस नव्हतं.

फोन वाजला. गुनवोरनं पहार एका हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

“आता हसशील,” रूने म्हणाला. तो स्वतःच हसत होता. “मला राहवेना. मी माझा तो जुना संगणक काढला. ब्राउझरमधे तुझं नाव, पासवर्ड सगळं होतंच. ती कवटी अजून तिथेच बसलेली. पण गुनवोर, ती माझी नाही.”

“म्हणजे?”

“आपण नीट बघितलंच नव्हतं. घाबरून बंद केलं. क्रमांक वेगळा आहे. आणि दात बघ ना. उजवीकडच्या दातांवर ओळीनं धातूच्या टोप्या आहेत, दिव्यासारख्या पांढऱ्या दिसताहेत. माझ्या त्या जागी तर नुसती भोकं. कुणीतरी भलताच माणूस आहे. उगाच आपण एकमेकांचा जीव खाल्ला.”

गुनवोरच्या पायाशी डाग्नी झाऱ्या आपटून स्वच्छ करत होती.

“तू काही केलं नाहीस ना?” गुनवोरनं विचारलं.

“केलं की. चौकट काढली आणि दिलं पुढे ढकलून. आपल्या ओळखीचा नाही म्हटल्यावर काय? गेलं एकदाचं. आता ये घरी. सुऱ्या परत खणात ठेवल्यात मी.”

डाग्नीनं मान वर केली. सूर्य तोंडावर आला म्हणून तिनं डोळे बारीक केले आणि ती हसली, तिच्या पद्धतीनं, सगळं तोंड उघडून. लहानपणी सायकलवरून पडून तिचे उजवीकडचे दात अर्धे तुटले होते. तिथे सोन्याच्या टोप्या होत्या, एका ओळीत.

“काय म्हणतोय तुझा म्हातारा?” तिनं विचारलं.

“डाग्नी, ऊठ. लांब जा.”

“का? काय झालं?”

“ऊठ म्हणते ना.”

पण डाग्नीला वाटलं बर्फ तडकतोय. तिनं उठण्याऐवजी पुन्हा वाकून भोकात पाहिलं. तिचं पिकलेल्या केसांचं डोकं गुनवोरच्या अगदी गुडघ्यापाशी होतं. फोन कानाशी नव्हता. तो खिशात कधी गेला, ते गुनवोरला आठवत नाही. तिचे दोन्ही हात पहारीवर होते, आणि खांद्यात तो सैलपणा उतरत होता.

तिनं पहार फेकली. अंगात होती नव्हती ती ताकद एकवटून, डावीकडे, रिकाम्या तळ्याच्या बाजूला फेकली. यावर ती आजही शपथ घेईल. पहार बोटांतून सुटल्याचं, तळहात मोकळे झाल्याचं तिला स्वच्छ आठवतं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

लोखंड बर्फावर पडल्याचा खणखणाट तिला ऐकू यायला हवा होता. तो आला नाही. आयुष्यभर तिनं ज्या फुटलेल्या कवट्यांची चित्रं काढली, त्या फुटतानाचा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला.

८

डाग्नी मेली नाही. हेलिकॉप्टर वेळेवर आलं, उमेओला डोकं उघडलं गेलं, आणि डॉक्टर म्हणाले की तिच्या वयाच्या बाईनं यातून उठणं हेच विशेष. पोलीस दोनदा येऊन गेले. ओला बर्फ, जड पहार, दोन म्हाताऱ्या बायका. त्यांनी अपघात लिहिला. पहार कुठे सापडली हे गुनवोरनं त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

रूने आला. तो तिच्याजवळ बाकावर बसला. मग त्यानं आपला वाकड्या बोटांचा पंजा तिच्या हातांवर ठेवला. तिला बरं वाटायला हवं होतं. पण तो हात धरून नव्हता, दाबून होता.

डाग्नीला भेटायची परवानगी मिळाली तेव्हा बर्फ वितळायला लागला होता. तळ्यावरचा तो दिवस तिच्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. मासे धरायला गेल्याचंसुद्धा आठवत नव्हतं. बाकी ती बोलत होती, जेवण बेचव आहे म्हणून नर्सला सुनावत होती. बहिणीला दारात बघून तिचा अर्धा चेहरा फुलला. दुसऱ्या अर्ध्याला अजून फुलता येत नव्हतं.

गुनवोर पलंगाशी गेली आणि तिची पापी घ्यायला वाकली.

डाग्नीचा डावा हात वर आला. कोपरात वाकला, तोंडासमोर आडवा झाला आणि तिथेच घट्ट राहिला. त्याच्या मागून तिचे डोळे गोंधळून बघत होते. तिनं उजव्या हातानं त्याला खाली ओढायचा प्रयत्न केला. तो हलला नाही.

“हा माझं ऐकतच नाही गं,” ती ओशाळून म्हणाली.

गुनवोर एक पाऊल मागे सरकली. मग आणखी एक. पाठ दाराला टेकली तेव्हा तो हात आपोआप सैल झाला आणि पांघरुणावर उतरला.

“अशी लांब का उभी?” डाग्नी म्हणाली. “ये ना जवळ.”